कुंडेगावच्या धरणाची दारं

भात पोटरीत आलं, आत कणीस धरू लागलं आणि कालव्याचं पाणी बारीक झालं.

कमळाकर रोज सकाळी फावडं खांद्यावर टाकून वरच्या बांधाशी जाऊन उभा राही. एरवी या दिवसांत पाणी दणदणत यायचं, पायाखालची माती ओढून न्यायचं. आता कालव्याच्या तळाला एक धार सरपटत येई. तो वाकून हाताने पालापाचोळा काढी, धारेला वाट करून देई आणि ती आपल्या वाफ्यात शिरली की तिच्याकडे बघत उकिडवा बसे. उठताना कंबर धरे. पूर्वी दमयंती हात द्यायची. "उठा नवरदेव," म्हणायची. गेल्या वैशाखात झोडणी चालू असताना ती खळ्यावर पाणी प्यायला बसली आणि बसली ती उठलीच नाही. तांब्या तेवढा कलंडला.

तेव्हापासून तो एकटा. तांदळाची भाकरी त्याला थापता येत नव्हती. दुपारी भात आणि भाजलेला बोंबील, रात्री सकाळचाच भात.

पाणी कमी झालं होतं ते उगाच नव्हे. धरण एका कागद गिरणीने बांधलेलं. नदी अडवायची, तिच्या पाण्यावर वीज करायची आणि वीज करून सुटलेलं पाणी कालव्याला सोडायचं. गिरणी बंद पडून जमाना झाला. वीजघराच्या पत्र्यांना भोकं पडली, आतलं लोखंड भंगारवाल्यांनी नेलं. पण भिंत उभी होती आणि तिच्यामागच्या पाण्यावर कुंडेगावची उन्हाळी भातं पिकत होती. आता भिंतीला चिरा गेल्या होत्या, कालव्याच्या दाराशी सगळ्यात जास्त. खाली पनवेलच्या अंगाला नदीकाठी इमारती झाल्या होत्या. सरकारी माणसं येऊन भिंतीवर लाल खुणा करून गेली आणि जाताना कालव्याचं दार अर्धं खाली पाडून गेली. धरण काढून टाकायचं म्हणत होते. खाडीकाठच्या कोंडखारचे लोक म्हणत होते, काढाच.

गावदेवीच्या देवळात गावकी बसली. दयारामशेट पुढे बसला होता. हमरस्त्याला गेलेल्या जमिनीचे पैसे घेऊन त्याने धरणामागच्या तलावाच्या काठचा माळ विकत घेतला होता आणि मुंबईवाल्यांसाठी तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडले होते. पाणी गेलं तर प्लॉटांसमोर चिखल उरणार. हे सगळ्यांना माहीत होतं. पण भात सगळ्यांचंच उभं होतं, त्यामुळे कोणी ते तोंडावर आणत नव्हतं.

दयारामने नारळ मध्ये ठेवला. "हात ठेवा एकेकानं. कुंडेगावचा मानूस धरनाच्या इरुद्ध बोलनार नाय. आनि गावातली गोष्ट खाली कोंडखारला जानार नाय. जो मोडंल त्याला गाव नाय."

माणसं उठून हात ठेवत गेली. कमळाकर भिंतीला टेकून बसला होता.

"कमळ्या, तू नीट दाबून ठेव हां हात," दयाराम म्हणाला. "तुझी पोर त्यांच्यात दिलेली. रोज फोनवर काय काय सांगत असशील."

माणसं हसली. कमळाकरही थोडं हसला. उठला आणि नारळावर हात ठेवून आला.

त्याच आठवड्यात कीर्ती आली. त्याची एकुलती एक मुलगी. कोंडखारच्या प्रितमला दिलेली. पिशवीत सासूने पाठवलेले निवटे होते, खाडीच्या चिखलातले मासे, अजून वळवळणारे. तिने ते मोरीत ओतले, राख लावून साफ केले, रस्सा चुलीवर ठेवला आणि पदर खोचून बापाबरोबर शेतात उतरली. दोघं वाकून तण उपटू लागली.

"सासू कशी हाय?" त्याने विचारलं.

"तिला काय धाड भरलीय! या वयात रोज चिखलात उतरते. मी नको बोलले तर बोलते, घरात बसले की माजे गुडघे दुखतात, चिखलात दुखत नाय." कीर्ती हसली. मग हसू गेलं. "बाबा, आमची खाडी मेली. होड्या लागायच्या तिथं पोरं क्रिकेट खेळतात. वरून नदीच येत नाय, तर गाळ ढकलंल कोन? प्रितम करंजाला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हनून जातो. घरी येतो तो झोपायला."

तो तण उपटत राहिला.

"सुनावनी हाय पनवेलला. मी बोलनार हाय. तू पन बोल. नुसतं येवढंच, की नदी खाली जाऊ द्या. तू वरच्या गावचा. तुझा शब्द धरतील."

"नारलावर हात ठेवलाय मी."

"कोनाच्या? दयारामशेटच्या?"

"गावदेवीच्या. आनि या भाताचं काय? यावर जगतो मी."

"एकटा मानूस तू, बाबा. तुला लागतं किती?"

कमळाकर ताठ उभा राहिला. हातातला तणाचा जुडगा त्याने बांधावर आपटला. "एकटा हाय म्हनून वावर वाळू देऊ? तुझ्या आयेनं तलावातला गाळ डोक्यावर वाहून केलंय हे. गरोदर व्हती तुझ्या टायमाला, तरी टोपली खाली ठेवली नाय. खडक व्हता हितं, खडक!"

"आये असती तर माझ्या बाजूनं बोलली असती."

"तिचं नाव घेऊ नको."

कीर्तीने पाय कालव्यात धुतले. चुलीवरचा रस्सा उतरवून झाकून ठेवला. जेवली नाही. फाट्यावर तिला रिक्षा मिळेपर्यंत तो बांधावरून बघत होता. हाक मारावी असं त्याच्या मनात आलं, पण नुसतंच आलं.

सुनावणी पनवेलच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. स्टेजवर नवरानवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या आणि त्यांच्यावर साहेब बसले होते. मधले मोठे साहेब उदयसिंह नावाचे. एका बाजूला कुंडेगाव, एका बाजूला कोंडखार. पनवेलच्याच खांदा कॉलनीतून आलेली शिकलेली पोरं मागे फलक धरून उभी होती. एका पोराने नदी, मासे आणि परदेशातली धरणं यांवर पुष्कळ सांगितलं. दयाराम उठून म्हणाला, "साहेब, ही पोरं बिसलेरी पितात. आमी धरनाचं पानी पितो." कुंडेगावच्या बाजूने टाळ्या पडल्या.

मग कीर्ती उभी राहिली. तिने माईक दोन्ही हातांत धरला.

"माजं माहेर कुंडेगाव, सासर कोंडखार," ती म्हणाली. "माहेराला पानी हाय, त्याचं मना वाईट वाटत नाय. पन नदी एकट्या माहेराची कशी असंल?"

"मग माहेरी येऊ नको!" मागून कोणीतरी ओरडला.

"येते कशाला? बापाचं भात न्यायला!" दुसरा.

हशा झाला. एकाने त्याहून घाण काहीतरी म्हटलं. कीर्तीने हॉलभर नजर फिरवली आणि बापावर आणून थांबवली. "माजा बापूस बसलाय हितं. त्याला इचारा, खोटं बोलते का मी."

उदयसिंह साहेबांनी विचारलं, "कोण वडील? काही सांगायचंय का तुम्हाला?"

कमळाकर आपल्या चपलांकडे बघत राहिला. शेजारच्याने त्याच्या मांडीवर हात ठेवून दाबला होता, पण तो दाबला नसता तरी कमळाकर उठला नसता. कीर्तीने माईक खाली ठेवला.

ठरलं काहीच नाही. आधी तलाव रिकामा करून भिंत तपासू, मग बघू, असं साहेब म्हणाले. कुंडेगावला तेवढाच दिलासा. हॉलबाहेर दयारामने सगळ्यांना वडापाव दिला. कमळाकरने हातात घेतला आणि कागदासकट खिशात ठेवला.

दादू हा धरणाचा वॉचमन. गावातलाच, पायाने अधू. एका संध्याकाळी तो देवळाच्या पायरीशी आला. माणसं बसली होती, कमळाकरही होता.

"उद्या उजाडता दारं उचलायची," दादू म्हणाला. "तळातली. साहेबाचा फोन आला. भोंगा वाजव बोलले, खालच्या गावांना सांग बोलले. आता भोंगा तर गिरनीबरोबरच मेलाय. खाली फोन कोन करनार? माझ्याकडं नंबर पन नाय."

"मी बघतो ते," दयाराम म्हणाला.

दादू गेला. दयारामने मोबाईल खिशातून काढलाच नाही. तंबाखू मळत बसला. कोणीतरी म्हणालं, "शेट, सांगायचं ना त्यांना?"

"काय सांगायचं? नदी पायजे नदी पायजे करतात. घ्या म्हनावं नदी."

पुन्हा हशा झाला. कमळाकरच्या खिशात फोन होता. कीर्तीचा नंबर त्यात पहिलाच होता, दमयंतीने लावून दिलेला. घरी जाताना त्याने फोन काढला. सुनावणीपासून तिने त्याला फोन केला नव्हता, त्याने तिला केला नव्हता. आता केला तर ती आधी ते काढणार. शिवाय नारळ. आणि पाणी जाऊन जाऊन जाणार कुठे, खाडीतच ना, पावसाळ्यात जातंच की. त्याने फोन परत खिशात घातला.

सकाळी वरून घरघर ऐकू आली आणि पाठोपाठ वास. कुजक्या शेवाळाचा, जुन्या गिरणीचा. कालव्याला पाणी आलं ते काळं, दाट, उकळी आल्यासारखं.

"गाळ!" सोनाबाई ओरडली. ती शेजारच्या वावरातली म्हातारी. "अरे, गाळ आला गाळ!"

गाव धावलं. दर वैशाखात तलाव आटला की टोपल्या घेऊन जायचं, गाळ खणायचा, डोक्यावर वाहून रिकाम्या शेतात पसरायचा. माना मोडायच्या. आज तोच गाळ स्वतःहून दाराशी आला होता. जो तो फावड्याने बांध फोडून घेत सुटला. कमळाकरनेही फोडला. काळं पाणी भातात शिरलं. तो धावत एका वाफ्यातून दुसऱ्यात वाट करत गेला. मांडीपर्यंत माखला. कंबर दुखायची थांबली. उभ्या पिकात गाळ घ्यायचा नसतो हे त्याला माहीत होतं. दमयंतीने तर फावडंच हिसकावून घेतलं असतं. पण सगळे घेत होते आणि पाणी उद्या असेल नसेल. ती गेल्यापासून पहिल्यांदा त्याला काम करताना बरं वाटत होतं. तो मोठ्याने सोनाबाईला म्हणाला, "म्हातारे, या साली कणगी फुटनार!"

ऊन वर चढलं तेव्हा फोन वाजला. चिखलाच्या हातांनी त्याने तो कानाला लावला. प्रितम होता.

"मामा, आये गेली."

"कोन? काय?"

"चिखलात निवटे धरत व्हत्या दोघी. ओहटी व्हती. वरून एकदम काळा लोंढा आला. कीर्ती तिवराच्या झाडाला धरून राहिली. आये... कमरेपर्यंत रुतलेली व्हती, मामा. तिला निघताच आलं नाय."

कमळाकर तिथेच पाण्यात उभा राहिला. वाफा भरून काठावरून वाहू लागला तरी उभा राहिला.

कमळाकर कोंडखारला पोचला तेव्हा प्रितमच्या आईला, रंभाबाईला, त्यांनी भरतीच्या पाण्यात धुऊन काढलं होतं, तरी कानांत आणि नखांत काळं राहिलं होतं. दमयंती गेली तेव्हा हीच बाई सगळ्यात आधी पोचली होती. दमयंतीच्या केसांतला कोंडा तिने बोटांनी काढला होता. "विहीनबाय, अशी जाऊ नको केस पिंजारून," म्हणत होती. कमळाकरला ते आठवलं आणि तो उंबऱ्यातच बसला.

कीर्तीच्या हातांची साल तिवराच्या फांदीने सोललेली होती. हळद लावली होती. ती त्याच्याजवळ येऊन बसली. रडली नव्हती, किंवा रडून झालं होतं.

"भोंगा वाजला का रे वर?"

तो पायावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडू लागला.

"दारं उघडनार हे ठाव व्हतं तुला?"

"नाय," कमळाकर म्हणाला. "मना नव्हतं ठाव."

तिने मान हलवली. त्याच्यावर विश्वास ठेवला. आत जाऊन त्याच्यासाठी बिनदुधाचा चहा आणला. सोललेल्या हातांनी कप धरवत नव्हता म्हणून बशीवर ठेवून आणला. तो चहा त्याला प्यावा लागला.

कुंडेगावात पाणी चार वाफ्यांत शिरून थांबलं होतं आणि गाळ बसला होता. वरून ऊन. भाताच्या बुंध्याभोवती काळी साय धरली, वाळली, तडकली. पानांची टोकं पिवळी पडली. म्हातारी माणसं म्हणाली, चांगल्या पाण्याने दोनदा धुवा, वाचेल. दारं पुन्हा लावली होती आणि कालव्याला उरलंसुरलं पाणी सुटलं होतं. गावकीने पाळ्या लावल्या. कमळाकरची पाळी शेवटून दुसरी.

तेवढ्यात चौकशी लागली. धरणाच्या भिंतीखाली, वीजघराच्या सावलीत टेबल मांडलं. उदयसिंह साहेब, एक पोलीस, लिहून घेणारा एक. कोंडखारची माणसं आली होती. प्रितम डोकं भादरलेला. कीर्ती त्याच्यामागे.

साहेबांनी दादूला विचारलं, "भोंगा वाजवला होता?"

दादूने दयारामकडे पाहिलं. "वाजवला, साहेब."

"कोणी ऐकला?"

"आमी सगल्यांनी," दयाराम म्हणाला. "आनि मी सोता खाली फोन केला. यांचा लागत नव्हता. खाडीला रेंज नसते."

गावातली माणसं एकामागून एक पुढे जाऊन सांगत होती, ऐकला, ऐकला. प्रत्येकाला एकच चिंता. भोंगा नव्हता असं ठरलं तर धरण धोक्याचं ठरणार, आणि मग पाडायला कोणी अडवू शकणार नाही. सोनाबाईनेसुद्धा सांगितलं, ऐकला. ती तर बहिरी होत चालली होती. कोंडखारच्या बाजूने एक जण ओरडला, "म्हातारीला भोंगा ऐकू येतो, आनि आमाला नाय?" पोलिसाने त्याला गप्प केलं.

कमळाकरची वेळ आली. तो टेबलापुढे उभा राहिला. मागे वळून त्याने कीर्तीकडे पाहिलं नाही.

"भोंगा ऐकलात?"

"नाय."

"मोठ्याने सांगा."

"भोंगा वाजला नाय. तो वाजतच नाय, साहेब. गिरनी बंद झाली तवापासून मेलाय. आदल्या सांजेला दादू सांगून गेला, उद्या दारं उचलनार. देवळात सगले व्हते. मी पन व्हतो. कोनी खाली सांगितलं नाय." तो थांबला. लिहिणाऱ्याचं पेन चालू होतं. "मी पन नाय सांगितलं. फोन माझ्या खिशात व्हता."

मागे कोणीतरी थुंकलं. दयाराम हळूच म्हणाला, "कमळ्या, नारल इसरलास."

"नाय इसरलो," कमळाकर म्हणाला.

टेबलापासून तो निघाला तेव्हा माणसांनी त्याला वाट दिली, गुराला देतात तशी. वीजघराच्या कोपऱ्यावर कीर्ती उभी होती. ती पुढे आली. त्याला वाटलं, हात धरेल.

"त्या दिशी मी तुला इचारलं व्हतं," ती म्हणाली. "तिचं मढं आत व्हतं तवा."

"व्हय."

"मी तुला चहा दिला."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं; सोललेल्या जागी नवी साल धरत होती.

"आयेच्या वर्षसराधाला मी येनार नाय, बाबा. तू एकटाच कर."

ती प्रितमच्या मागे उताराला लागली. प्रितमने एकदा वळून पाहिलं. तिने पाहिलं नाही.

त्या दिवसापासून त्याच्याशी गावात कोणी बोललं नाही. दुकानदार त्याच्यानंतर आलेल्याला आधी माल देई. त्याची पाण्याची पाळी आली त्या सकाळी कालव्याच्या तोंडाशी दगड आणि गोणपाट लावलेलं होतं, आणि दोन तरुण फावडी घेऊन बसले होते. कमळाकरने त्यांच्या बापांची नावं घेऊन हाक मारली. त्यांनी मोबाईलमधून डोकी वर काढली नाहीत. शेजारी सोनाबाईच्या वावरात पाणी झुळझुळत होतं, गाळ धुऊन जात होता, आणि तिचं भात पुन्हा हिरवं धरत होतं.

धरणाचं काय होणार ते कोणालाच कळलं नव्हतं. कोणी म्हणे पावसाळ्यानंतर पाडणार. कोणी म्हणे दयारामने वरपर्यंत पोचवलंय, नुसती डागडुजी होणार. कमळाकर आता विचारतही नव्हता. त्याचं भात जागच्या जागी बसलं होतं. पोटरी फुटली नाही. कणीस आतल्या आत गुदमरलं. दाणा भरणार नाही हे कळल्यावर निदान वैरण तरी होईल म्हणून त्याने विळा घेतला.

हिरवं भात कापायला जड असतं. विळा ओढत नाही, पात्याला रस चिकटतो. काळी तडकलेली साय पायाखाली खापरासारखी मोडत होती आणि तिच्या कडा तळव्याला लागत होत्या. दुपारपर्यंत त्याने एक वाफा कापला. पेंढ्या वळल्या. बंद टाकून भारा आवळला, गुडघा देऊन.

भारा माणसाला एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्याने हात द्यावा लागतो. कुंडेगावात बोलचाल बंद असलेले भाऊसुद्धा एकमेकांना भाऱ्याला हात देतात. वाटेने जाणारा परका असला तरी टोपी सावरून बांधावर उतरतो, भारा चढवतो आणि निघून जातो. त्याला हाक मारावी लागत नाही.

कमळाकर भाऱ्याशी उभा राहून वाट बघू लागला. बांधावरून दादू येत होता, लंगडत. नोकरी गेली होती त्याची. जवळ आला, कमळाकरकडे बघितलं, भाऱ्याकडे बघितलं. त्याचा हात थोडा पुढे आल्यासारखा झाला. मग त्याने मागे गावाकडे पाहिलं आणि पुढे चालू लागला. पलीकडे सोनाबाई होती. ती पाठ करून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

कमळाकरने भारा लोटत बांधाला नेऊन उभा टेकवला. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला. मान खाली घालून डोकं भाऱ्याच्या पोटात खुपसलं, दोन्ही हात मागे नेऊन बंद धरला आणि उचल घेतली. भारा कलला आणि त्याला घेऊन आडवा पडला. तो उठला. तोंडात गेलेला गाळ थुंकला. भारा पुन्हा टेकवला, पुन्हा गुडघे टेकले. या खेपेला एक पाय उभा झाला, दुसरा थरथरत मातीत घसरला, मग तोही उभा झाला.

मानेवर भार घेऊन तो तिथेच थोडा वेळ डुलत राहिला. डोळ्यांसमोर हिरवी पाती लोंबत होती, त्यामुळे त्याला वाट दिसत नव्हती. पायाने बांध चाचपत तो घराकडे निघाला.